तुळसाआजीचं दुसरं पडणं

एका जंगलात, मुलांनो, हाडांचा दवाखाना होता. डॉक्टर होते करकोचे. चोचीवर चष्मा, चाल संथ. हाताखाली साळुंकी सिस्टर.

दवाखान्याची एक पद्धत होती. फोटोत मोडलेलं हाड सापडलं की सिस्टर घंटा वाजवायची. घंटा झाली की फोटो पाकिटात आणि डॉक्टर चहाला. एकदा पाकिटात गेलेला फोटो पुन्हा बघणं तिथे असभ्य मानत.

एके सकाळी तुळसाआजी नावाची म्हातारी अस्वलीण ओढ्यातल्या शेवाळावरून घसरली आणि डाव्या कुशीवर आपटली. चार रानडुकरांनी तिला झोळीतून आणलं. आजीला एकच घोर लागला होता. दोन-तीन महिन्यांत मोह फुलणार, आणि टेकडीवरच्या मोहापर्यंत ती आजवर स्वतःच्या पायांनीच गेली होती.

फोटो निघाला. खुब्याच्या खालच्या अंगाला तडा स्पष्ट दिसला. घंटा वाजली.

"उद्या सळई घालू, आजी. मोहाला धावत जाल."

"डॉक्टर, वर जांघेतही दुखतंय. वेगळंच."

"खालची कळ वर जाते."

"पडले तेव्हा दोनदा कडाड् झालं. मी ऐकलंय."

"या वयात कान वाजतात हो, आजी," साळुंकी म्हणाली.

डॉक्टर मायेने हसले. "आजी, तुम्ही पडलात किती वेळा?"

"एकदाच."

"मग झालं तर! एकदा पडलं की एक हाड. केसपेपरवर चौकटसुद्धा एकच आहे."

आजीचा जन्म वारुळं फोडण्यात गेला होता. वारुळाची मान तडकलेली असताना बुडाला कितीही टेकू द्या, ते खचतंच, हे तिला पक्कं ठाऊक होतं. खाली सळई बसेल, वरचं तसंच राहील, आणि पहिल्याच पावलाला ती पुन्हा खाली येईल. मग कुठला मोह!

डॉक्टर चहाला निघाले, तेवढ्यात ती ओरडली, "अहो डॉक्टर, आठवलं! मी दोनदा पडले. आधी ओढ्यात, मग झोळीतून."

दारातली रानडुकरं चपापली. "आजी, आम्ही कधी पाडलं?"

"पाडलंत! गप्प बसा मेल्यांनो."

"अहो, मग हे आधी नाही का सांगायचं?" डॉक्टर लगबगीने वळले. दुसऱ्या पडण्यासाठी दुसरा केसपेपर काढला. दुसरा फोटो आला. बाहेर कललेलं पाऊल या वेळी साळुंकीने हलकेच आत वळवून धरलं होतं. खुब्याच्या मानेवर केसाएवढी चीर दिसली.

घंटा पुन्हा वाजली.

डॉक्टरांनी बेत बदलला आणि दोन्ही ठिकाणं एकदम सांधली. मोह फुलला तेव्हा आजी काठी टेकत, वाटेत चार वेळा बसत, पण स्वतःच्या पायांनी टेकडीवर पोचली. पहिली ओंजळ तिने रानडुकरांना दिली. त्यांनी ती निमूटपणे खाल्ली, कारण दवाखान्याच्या दारावर नवी पाटी लागली होती: 'झोळी नीट धरा. आपल्या हलगर्जीपणामुळे रुग्णाचं दुसरं हाड मोडतं.'

तात्पर्य: म्हातारपणी एकदाच पडून दोन हाडं मोडून घेऊ नयेत. दर हाडामागे एकदा स्वतंत्रपणे पडावं. तेवढी ताकद नसेल, तर पडल्याचं सांगावं तरी.