पेंडिंगवर आलेला आळ

मांजर पाळावं असं मला जन्मात कधी वाटलं नव्हतं. मला फक्त एक संशयित हवा होता.

झालं असं. गेल्या वर्षीची, त्र्याऐंशी सालची गोष्ट. मी नाशिकला सरकारी कचेरीत कारकून, राहायला नाशिकरोडच्या कॉलनीत दोन खोल्या. बायको लता शिक्षिका, तिची शाळा सकाळची. ती साडेसहाला दूध तापवून जायची, मी साडेनऊला निघायचो. मधले तीन तास घरात मी आणि दूध, दोघंच. त्यातच डॉक्टरांनी माझं वजन बघून आधी काट्याकडे संशयानं पाहिलं, मग माझ्याकडे, आणि माझी साय बंद केली. नेमकी तेव्हाच लतानं साय साठवायला घेतली. तिची धाकटी बहीण, मैना, बाळंतपणाला आमच्याकडे येणार होती. तिच्या डिंकाच्या लाडवांना घरचं तूप हवं.

मी पहिल्या दिवशी फक्त कडेची साय खाल्ली. (कडेची धरत नाहीत.) दुसऱ्या दिवशी कड जरा मधे सरकली.

"अहो, साय एवढीशीच कशी धरते?" लतानं विचारलं.

"गवळी पाणी घालत असेल," मी म्हणालो. घाईत सुचलं ते बोललो.

लतानं कारभारी गवळ्याला दारात उभं करून असं झापलं, की दुसऱ्या दिवशी तो म्हशीला घेऊनच आला. "बाई, डोळ्यांदेखत काढतो. हिच्यात पाणी कुठून घालू ते दाखवा!" त्या दिवसापासून दूध दारात निघू लागलं आणि बोटभर जाड साय धरू लागली. माझा मोह दुप्पट झाला. साय साठवायचं पातेलं मात्र भरेना.

आता लता माझ्याकडे बघू लागली. नुसती बघायची. पौर्णिमेला विहारात पंचशील म्हणताना दुसऱ्या शीलाशी, 'न दिलेलं घेणार नाही' तिथं, माझा आवाज आपोआप बसे. चौथ्याशी, खोटं न बोलण्याच्या, तर मी खोकायचोच. ती तेव्हाही बघायची.

अशात कचेरीतल्या रेकॉर्ड रूममध्ये एक मांजर सापडली. कुणीतरी बाहेरून कुलूप घातल्यामुळे तीन दिवस आत अडकलेली. हाडांचा सापळा, एक कान फाटलेला. शिपाई सहादू तिला पंचवटीच्या भाजीबाजारात सोडायला निघाला होता.

"थांब," मी म्हणालो. "मी नेतो घरी."

सगळी कचेरी थक्क झाली. हेडक्लार्क म्हणाले, "तुमच्यात एवढी करुणा असेल असं वाटलं नव्हतं हो, पुंजाराम." मी नम्रपणे मान खाली घातली. (ती वर ठेवणं जमलंच नसतं.)

मांजर खाकी पिशवीत घालून मी सिटी बसमध्ये बसलो. कंडक्टर आला.

"पिशवीत काय?"

"ऑफिसच्या फायली."

"म्याँव," पिशवी म्हणाली.

"फायली ओरडतात?"

"पेंडिंग आहेत," मी म्हणालो. "बरेच दिवस."

त्यानं तिकीट फाडलं, पण नाशिकरोड येईपर्यंत माझ्यावरची नजर काढली नाही.

घरी पिशवी उघडल्यावर मांजर थेट कॉटखाली गेली आणि तिथून मला निरखू लागली. शेजारी लता कमरेवर हात ठेवून निरखत होती.

"तुम्हाला मांजरं कधीपासून आवडायला लागली?"

"दया आली गं."

"दया? तुम्हाला?" मग वाकून कॉटखाली बघत, "नाव काय हिचं?"

"पेंडिंग," मी म्हणून गेलो.

पुढचे आठ दिवस सुखाचे गेले. मी सकाळी साय खायचो आणि संध्याकाळी लता पेंडिंगला रागवायची. पेंडिंग ऐकून घ्यायची. पण एक गोष्ट माझ्या हिशेबात नव्हती. तिसऱ्या दिवशी ती कॉटखालून बाहेर आली, चौथ्या दिवशी माझ्या पायावर डोकं घासलं आणि पाचव्या दिवसापासून मी पेपर वाचायला बसलो की मांडीवर येऊन झोपू लागली. फाटका कान माझ्या पोटावर टेकवून. घरात माझ्या पोटाला नावं न ठेवणारा तो एकच जीव होता.

शनिवारी सासूबाई आल्या. भागीबाई, राहणार सायखेडा. (गावाच्या नावातच साय. मी काय करणार?) लतानं त्यांच्यापुढे रिकामं पातेलं ठेवलं. "बघ आई, मांजरीनं मैनाचे लाडू खाल्ले. उद्या जाताना हिला घेऊन जा, मळ्यात सोड."

रविवारी सकाळी सासूबाईंनी गोणपाटाची पिशवी काढली. पेंडिंग आत जाताना ओरडली नाही, तिनं ओरबाडलंही नाही. फक्त तोंड बाहेर काढून माझ्याकडे बघत राहिली. सासूबाईंनी सुतळी हातात घेतली आणि मी पिशवीला हात घातला. (पातेल्याला नव्हे.)

"थांबा!" मी ओरडलो. "साय मी खाल्ली. पहिल्या दिवसापासून मीच. तिचा काही दोष नाही."

लता माझ्याकडे बघत राहिली आणि बघता बघता तिचे डोळे भरून आले.

"एका मुक्या जिवासाठी तुम्ही स्वतःवर आळ घेता?" ती म्हणाली. "मी तुमच्यावर संशय घेत होते हो! आई, सोड तिला. राहू दे इथंच."

जन्मात पहिल्यांदा मी आपण होऊन खरं बोललो होतो आणि त्यावर कुणाचा विश्वास नव्हता. पुन्हा खरं सांगावं असं वाटलं. अगदी ओठापर्यंत आलं. पण मांजरही वाचली होती आणि मीही, तेव्हा मी ते गिळलं.

"थांब गं लते," सासूबाई म्हणाल्या. "मला येक सांग. रोज साय जायची, तवा पातेल्यावर झाकण कसं असायचं?"

"नीट लावलेलं."

"मांजर झाकण परत लावती व्हय?"

लता माझ्याकडे वळली. तिचे डोळे कोरडे होत चाललेले मला स्पष्ट दिसले.

सासूबाईंनी दोन वाट्या घेतल्या. दोन्हीत त्या दिवशीची साय घातली. एक पेंडिंगपुढे ठेवली, एक माझ्यापुढे. पेंडिंगनं वास घेतला, मिशा झटकल्या आणि ती उठून दाराकडे गेली. "कालधरनं बघती मी, दुधाला तोंडच लावत नाय ही," सासूबाई म्हणाल्या. "आता तुमी, जावई."

मी वास घेतला.

मी उठून गेलो नाही.

पेंडिंग आमच्याकडेच राहिली. लतानं कारभाऱ्याची माफी मागितली (मलाही मागायला लावली, म्हशीदेखत). आता दूध जाळीच्या कपाटात असतं, कपाटाला कुलूप असतं आणि त्याची किल्ली लता शाळेत जाताना पेंडिंगच्या गळ्यातल्या नाडीत अडकवून जाते, कारण सायीच्या बाबतीत घरात तिचाच भरवसा आहे. मी मांजरीला प्रेमानं जवळ बोलावलं की लतानं लक्ष ठेवायला सांगितलेल्या शेजारच्या वत्सलाबाई भिंतीपलीकडून लगेच ओरडतात, "पुंजारामभाऊ, तिला कशाला हाक मारताय?"

नुसतं गळ्याखाली खाजवत होतो, हो. किल्ली हातात आली त्या दोन्ही वेळा.