ड्राउझी म्हंजे काय, सांगा बगू

आमच्या गल्लीच्या तोंडाशी जे मेडिकल आहे, तिथं खोकल्याचं औषध आणायला जाताना माणसं घरून उत्तर पाठ करून निघतात. कारण काउंटरवर मल्लिनाथअण्णा असतात. तुमचा हात पुढं झालेला असतो, बाटली अण्णांच्या हातात असते. ते ती जरा मागं घेतात, चष्मा कपाळावर चढवतात आणि विचारतात, "हितं इंग्लिशमध्ये काय लिवलंय? ड्राउझी. ड्राउझी म्हंजे काय, सांगा बगू."

"झोप येणं," माणूस म्हणतो.

"चुकलं," अण्णा म्हणतात आणि बाटली आणखी थोडी मागं जाते.

माझं ब्लाउज शिवायचं दुकान या मेडिकलला लागूनच आहे. मध्ये एक भिंत, बाहेर दोघांची मिळून एक पायरी. त्यामुळं ही शाळा मला रोज फुकट ऐकायला मिळते.

अण्णा साठीच्या पुढचे. अंगानं काडी, कपाळावर विभूतीची पुसट बोटं, सदऱ्याच्या खिशाला कायम एक पेन. घरी कानडी बोलतात, दुकानात मराठी, आणि घाईत असले की दोन्ही एकाच वाक्यात. दुकान त्यांचं नाही. ते पप्पूशेठचं, आणि त्याआधी त्याच्या वडिलांचं. अण्णा वडिलांच्या काळापासूनचे. तेव्हा ते गुमान औषध द्यायचे म्हणे. हे शब्दांचं खूळ अलीकडचं. कुठून शिरलं ते कुणालाच ठाऊक नव्हतं.

"बगा," ते समजावून सांगत. "स्लीप म्हंजे झोप. ती रातची, हक्काची. नॅप म्हंजे जेवून आपल्या मर्जीनं घेतलेली. डोझ म्हंजे मर्जी न विचारता आलेली. कीर्तनात येती, मास्तरच्या तासाला येती. स्नूझ मोबाईलवर असतंय, पोरं बोटानं ढकलत्यात ती. आनि स्लंबर..." इथं अण्णांचा आवाज खाली यायचा. "स्लंबर लई वरची झोप. पुस्तकातली. आपल्या गल्लीत कुणाला लागल्याचं अजून ऐकलं न्हाई."

"आणि ड्राउझी?"

"ड्राउझी म्हंजे झोपच नव्हं! झोप दारात येऊन उबी हाय. आत बी येत न्हाई, माघारी बी जात न्हाई. डोळं उगडं आनि मानूस गायब. तुमच्यात झापड म्हनत्यात. आमच्यात तूकडिके."

गिऱ्हाईक तेलुगू असलं तर अण्णा त्याच्याकडून त्याचा शब्द काढून घेत. एकदा फुलवाल्या पद्मानं 'कुनुकु' असा शब्द सांगितला. कुनुकु नॅपमध्ये धरायचा की डोझमध्ये, यावर अण्णांनी अख्खी सकाळ घालवली. शेवटी मला विचारायला आले. मी म्हणाले, "अण्णा, मला काज-बटणातलं विचारा." ते निराश होऊन परत गेले.

उन्हाळ्यात मात्र त्यांच्या विद्येला बहर यायचा. सोलापूरची एप्रिलची दुपार म्हणजे गल्लीच पाण्याखाली गेल्यासारखी वाटते. रस्ता पांढरा होतो, आवाज लांबून आल्यासारखे येतात, शटरं अर्धी खाली येतात. कडुलिंबाची सावली एका जागी बसून राहते. अशा वेळी अण्णा आमच्या पायरीवर टेकायचे आणि गल्लीवरून संथ नजर फिरवायचे.

"रिक्षावाला बग, सुनंदा. पाय वर करून. ती नॅप. शहाळीवाला कोयता मांडीवर घिऊन डुलतोय. ती डोझ, आनि डेंजर डोझ. त्या टेम्पोखालचं कुत्रं..." इथं ते बराच वेळ बघत राहायचे. "कुत्र्याला स्लंबर लागली असंल बग."

हे सगळं असंच चाललं असतं, पण एक आजीबाई आल्या. त्यांनी विचारलं, "दिवसातनं डोस किती घ्यायचे?"

अण्णांना राहवलं नाही. "आज्जे, डोस दोनच. डोझ किती येतील ते ज्याच्या त्याच्या प्रकृतीवर."

आजी घरी गेल्या आणि सुनेला म्हणाल्या, "दोन नेमाचे सांगितलेत. बाकीचे माझ्या प्रकृतीवर हायेत." सून बाटली घेऊन धावत दुकानात आली. "प्रकृतीवर म्हंजे काय? म्हातारीनं बाटली संपवली असती म्हंजे?" पप्पूशेठ नेमका गल्ल्यावर होता. त्यानं तिची माफी मागितली आणि ती गेल्यावर अण्णांना म्हणाला, "अण्णा, औषध द्या. शब्द देऊ नका. उद्यापासून तुम्ही मागं खोके बघा."

अण्णांनी कपाळावरचा चष्मा खाली घेतला. दुसऱ्या दिवसापासून मागच्या अंधाऱ्या खोलीत बसून ते खोक्यांवर नावं घालू लागले. काउंटरवर पप्पूशेठ स्वतः उभा राहिला. रांग भराभर पुढं सरकू लागली. मला मात्र भिंतीपलीकडची शांतता खटकायची. दुपारी अण्णा पायरीवर यायचे, पण गल्लीकडं बघायचे नाहीत. शहाळीवाला एकदा डुलता डुलता स्टुलावरून पडला, तरी त्यांनी मान वळवली नाही.

एका दुपारी ते बायकोला घेऊन आले. गौराक्कांना मी तोवर पाहिलं नव्हतं. इरकली नेसलेली, मोठ्या कुंकवाची, बारीकशी बाई. अण्णांनी तिचं मनगट धरलं होतं, रस्ता ओलांडताना लहान मुलाचं धरतात तसं.

"सुनंदा, हिच्याजवळ बसनारी शेजारीन गावाला गेलीया. आजचा दिवस हितं बसवू का? तरास न्हाई द्यायची. फकस्त दाराकडं लक्ष ठेव."

मी खुर्ची पुसून दिली. गौराक्का बसल्या, लगेच उठल्या आणि दाराकडं निघाल्या. "ऊरिगे होगोण," त्या म्हणाल्या.

"गावाला जाऊ म्हनती," अण्णांनी मला सांगितलं. "अक्कलकोटाकडं माहेर हाय तिचं. तितं आता कोन न्हाई. पन ती इसरती आनि रोज निगती." त्यांनी तिला पुन्हा बसवलं. ती पुन्हा उठली. असं चार-पाच वेळा झालं. अण्णांचा आवाज एकदाही चढला नाही.

मी म्हणाले, "डॉक्टरला दाखवलं का?"

"दाखवलं की." ते पायरीवर बसले. "रातची झोपावी म्हनून गोळी दिली. दोन-तीन दिसांनी विचारलं, कशी हाय? मी म्हनलो, झोपती. ते म्हनले, मग बरं हाय. पन सुनंदा, ती झोपत नव्हती गं. डोळं उगडं ठिवून बसायची. घास तोंडातच. मी पुडं बसलो तरी मी कोन ते कळायचं न्हाई. डॉक्टरला हे सांगायचं कसं? मला शब्दच येईना. झोपती म्हनलं तर खोटं, जागी हाय म्हनलं तरी खोटं."

मी हातातली कात्री खाली ठेवली.

"मग एक दिवस दुकानात खोकल्याच्या बाटलीवर ह्यो शब्द बगितला. आयुष्यभर त्या बाटल्या इकल्या, कधी वाचलं नव्हतं. कॉलेजच्या एका पोरीला अर्थ विचारला. तिनं झोप, पेंग, गुंगी असं सगळं एकात सांगितलं. मी म्हनलो, न्हाई बाई, एकेक सुटं करून सांग. मग जाऊन म्हनलो डॉक्टरला, सर, स्लीप न्हाई, ड्राउझी हाय. त्यांनी मान वर केली. गोळी अर्दी केली. तिसऱ्या दिवशी तिनं मला 'री' म्हनून हाक मारली. तुमच्यात 'अहो' म्हनत्यात, आमच्यात 'री'."

ते हसले. मग हसू हळूहळू ओसरलं.

"आता वळखती. पन झोप न्हाई. पूर्ण गोळी दिली तर मी न्हाई, अर्दी दिली तर झोप न्हाई. दोन्ही एकदम मिळंना. तिला निवांत झोपलेली बगून लई दिस झाले."

 अशा वेळी आम्हा शिवणाऱ्या बायकांना एकच येतं. मी मशीनवर बसले आणि पाय मारायला लागले. एका अस्तराची लांब शिवण होती. चाक फिरायला लागलं, घर्र असा एकसुरी आवाज दुकानभर झाला.

गौराक्का दाराशी थांबल्या. वळल्या. मशीनजवळ येऊन चाकाकडं बघत राहिल्या. मग माझ्या पायाशी कापडाच्या चिंद्यांचा ढीग होता, त्यावर हळूच बसल्या, कलल्या, आणि हात डोक्याखाली घेऊन आडव्या झाल्या. डोळे मिटले. तोंड किंचित उघडलं. थोड्या वेळानं श्वास लांब झाला.

अण्णा उठून आत आले आणि भिंतीला टेकून उभे राहिले.

"तिची आई रहाटावर सुताच्या कांड्या भरायची," ते अगदी हळू म्हणाले. "हातमागासाठी. पोरगी शेजारी निजायची म्हनं." आणि मग, "थांबू नको."

शिवण संपली होती. मी सुईतला दोरा काढून टाकला आणि रिकामी मशीन चालवत राहिले.

तेवढ्यात पलीकडं काउंटरवर आवाज चढला. रफीकभाई आला होता, चादरींचा टेम्पो घेऊन हैदराबादला जाणारा. "पप्पूशेठ, अन्ना किधर गए? वो बोले बगैर मैं खाँसी की दवा नै लेता. पिछली बार वो बोले सो सुन के दुसरी लिया, रस्तेभर आँख खुली रही. उनकू बुलाव पैले."

पप्पूशेठ चिडून आमच्या पायरीवर आला. "अण्णा, चला, तो ऐकत ना..." अण्णांनी ओठांवर बोट ठेवलं. पप्पूशेठनं आत पाहिलं. चिंद्यांवर झोपलेल्या गौराक्का, रिकामी सुई, माझा चालणारा पाय. लहानपणी याच बाईच्या हातची खारी शेंगदाण्याची चटणी अण्णांच्या डब्यातून खाल्लेला तो. त्यानं चप्पल काढून हातात घेतली आणि अनवाणी, तापलेल्या फरशीवरून पाय उचलत परत गेला.

भिंतीपलीकडून त्याची कुजबुज ऐकू आली. "रफीकभाई, हळू बोला. ही नको, ही घेतली की झापड येते. म्हणजे झोप नाही... म्हणजे कसं सांगू... दारात उभी असते बघा..."

दुसऱ्या दिवशी त्यानं अण्णांना काउंटरवर बोलावलं. रांग पुन्हा लांब झाली. पण ते दुसऱ्या दिवशीचं.

त्या दुपारी अण्णा माझ्या दुकानात जमिनीवर मांडी घालून बसले, बायकोच्या डोक्याशी. तिच्या केसांत अडकलेला हिरव्या कापडाचा एक तुकडा त्यांनी दोन बोटांनी काढला आणि मुठीत धरून ठेवला. ही झोप कुठली, ते त्यांनी सांगितलं नाही. नुसते बघत राहिले. बाहेर ऊन पायरी उतरून रस्त्यावर गेलं, कडुलिंबाची सावली दुकानात आली. दोन बायका ब्लाउज घ्यायला आल्या, दारातूनच बघून माघारी गेल्या. माझी पोटरी दुखायला लागली होती. मी पाय बदलला आणि चाक फिरतं ठेवलं.