सूर्याविरुद्ध तक्रार

तक्रारदार : महादेव आप्पा चौगुले, निवृत्त क्ष-किरण तंत्रज्ञ, मुक्काम कळंबा. सामनेवाला : सूर्य, धंदा तळपणे, मुक्काम आकाश. वार : सोमवार. साक्षीदार : मी स्वतः, अर्जलेखक, व शेजारचा चहावाला तुकाराम.

कचेरीच्या दारात सव्वीस वर्षे मी लोकांची गाऱ्हाणी कायदेशीर भाषेत बसवीत आलो आहे. परंतु सूर्यावर अर्ज लिहून मागणारे महादेवअण्णा पहिलेच.

"सूर्य आपल्या कार्यक्षेत्राबाहेर आहे," मी अधिकारवाणीने सांगितले.

"मग रोज कोल्हापुरावर उगवतोय कसा? हद्दीत आल्याबिगर?"

तुकाराम हसला. मी हसलो नाही. पद सांभाळावे लागते.

अण्णांकडे हौशी रेडिओचा परवाना आहे. इंदूरचे बर्वे, वय अठ्ठ्याहत्तर, घरी एकटे. त्यांच्याशी अण्णा बारा वर्षे रोज सकाळी अकराला लघुलहरींवर बोलतात. प्रत्यक्ष भेट एकदाही नाही. मध्येच आवाज बुडाला की अण्णांचे ठरलेले वाक्य : "भडकला बघा सूर्य."

खुलासाही ठरलेला. "सूर्यावर चुंबकाच्या रेषा पिळत्यात, तटकन तुटून नव्यानं जुळत्यात. त्या झटक्यात इलेक्ट्रॉन सुसाट सुटत्यात नि खालच्या दाट वायूवर आदळत्यात. आदळलं की क्ष-किरण. आमच्या दवाखान्यातल्या नळीत त्येच की, निस्तं आदळायला धातू हुता. आठ मिनटांत किरण हितं पोचत्यात, नि वरची हवा आमचा आवाज गिळती."

"मग आता तक्रार काय?"

"चार दिस झालं, बर्वे बोललं न्हाईत."

"भडक्याचा परिणाम किती वेळ टिकतो?"

अण्णांनी चहाचा कप उगाच फिरवला. "लई तर तास-दोन तास."

"म्हणजे सूर्य निर्दोष."

"व्हय. पर त्याच्यावरच घाला की. दुसरं कारण मला लिवायचं न्हाय."

"फोन करा."

"नंबर कवा घेतलाच न्हाय. रोज भेटत हुतो की."

मग त्यांनी खिशातून एक कार्ड काढले. पहिल्या संभाषणानंतर बर्व्यांनी हौशी रेडिओवाल्यांच्या रिवाजाप्रमाणे टपालाने पाठविलेले. त्यावर पत्ता होता. मी सूर्याचे नाव खोडले, बर्व्यांचे घातले.

"आज सूर्य शांत हाय, असंबी लिवा," अण्णा म्हणाले. असा मजकूर अर्जात बसत नाही. तरी बसविला :

"सबब विनंती की, आपण आजारी असा, रुसलेले असा किंवा आपले यंत्र बिघडलेले असो, हे पत्र मिळताच उत्तर द्यावे. अर्जदार रोज अकरा वाजता त्याच लहरीवर हजर आहे. आज सूर्य शांत आहे. आपला आवाज स्वच्छ ऐकू येईल."