आग्रहाची सोय नसलेलं यंत्र

ज्या समाजात पहिल्या नकारालाच नकार समजतात, तो समाज रसातळाला जायला फार वेळ लागत नाही. बंगळूरच्या एका मराठी मंडळाने हा धोका वेळीच ओळखला होता. गणेशोत्सवातलं नाटक कोणी बसवायचं, याची कार्यपद्धती मंडळाच्या घटनेत कुठेही लिहिलेली नव्हती. म्हणूनच ती काटेकोरपणे पाळली जाई.

कार्यपद्धती अशी. पावसाळा सुरू झाला की कार्यकारिणीतली चार माणसं बनशंकरीला पुरुषोत्तम चिरमुल्यांच्या घरी जात. चिरमुले सरकारी कारखान्यात इंजिनियर. ते म्हणत, "छे, यंदा मला वगळा." हा प्रथम नकार. मग गुडघे, कारखान्यातलं ऑडिट आणि 'नव्यांना संधी' ही कारणं याच क्रमाने येत. हा द्वितीय नकार. तेवढ्यात त्यांची बायको विद्या दुसऱ्यांदा चहा आणी, आणि चिरमुले कप उचलत म्हणत, "तुम्ही ऐकतच नाही, मग माझा नाइलाज आहे." (कोणाला कोणती भूमिका द्यायची, हे त्यांनी मे महिन्यातच ठरवलेलं असे. नाइलाजाची तयारी आधीपासून करावी लागते.) मंडळातले शेकडा नव्वद नकार या जातीचे असत. उरलेले दहा टक्के लोक खरोखरच आजारी असत.

वर्षभर चिरमुले कारखान्यात साहेबाचं ऐकत, घरी विद्याचं, रिक्षात रिक्षावाल्याचं. फक्त त्या सहा आठवड्यांत लोक त्यांचं ऐकत. एवढ्यावर त्यांचं वर्ष निघे.

नव्याण्णव साली मंडळाचं आधुनिकीकरण झालं. शंतनु नावाचा पुण्याचा मुलगा सहचिटणीस झाला. तो व्हाइटफील्डच्या नव्या काचेच्या इमारतीत नोकरीला होता. मुलगा गुणी. वडीलधाऱ्यांच्या पाया पडे, आणि त्यांच्या पाया पडायला जाण्याची वेळच येऊ नये म्हणून त्याने ईमेल सुरू केली. आलेली उत्तरं आपोआप मोजणारा प्रोग्रॅमही त्याने रात्री जागून लिहिला.

चिरमुल्यांना निमंत्रण आलं ते जयनगरच्या सायबर कॅफेत. रोमन लिपीतलं मराठी होतं, त्यामुळे मोठ्याने वाचल्यावर समजलं. 'काका, यंदाही नाटक तुम्हीच बसवावं ही सर्वांची इच्छा.' खाली तीन पर्याय होते: होय, नाही, सांगता येत नाही.

एकदम 'होय' म्हणजे हावरटपणा. पंगतीत पहिल्याच वाढपाला कोणी ताट पुढे करतं का? 'सांगता येत नाही' हा तर उद्धटपणा झाला. माणसाने नकार तरी स्वच्छ द्यावा, म्हणजे समोरच्याला आग्रहाला जागा राहते. चिरमुल्यांनी 'नाही' दाबलं आणि गुडघे लिहायला जागा शोधू लागले. जागा नव्हती. पडद्यावर आलं: 'आपला प्रतिसाद नोंदवला आहे. आभार.'

ते घरी आले आणि विद्याला म्हणाले, "दूध जास्त घे. येतील मंडळी."

मंडळी आली नाहीत. ईमेलही आली नाही. चिरमुले कॅफेत जाऊन जाऊन तिथल्या पोराचे 'सर' झाले.

"तुम्हीच फोन करा ना शंतनुला," विद्या म्हणाली.

"मी? म्हणजे आग्रह मीच करायचा, स्वतःला?"

"मग नकार तरी कशाला दिलात?"

"तो नकार नव्हता. ती सुरुवात होती."

"हे त्या यंत्राला ठाऊक होतं का?" एवढं विचारून तिने जास्तीच्या दुधाचं दही लावलं.

शेवटी भाजीबाजारात नरसिंहराव भेटले. मंडळाचे जुने खजिनदार. त्यांचं घराणं चार पिढ्या बंगळुरात, त्यामुळे त्यांचं मराठी थोडं कानडीच्या अंगाने जाई.

"काय अण्णा, नाही म्हणालात म्हणे. भारी वाईट वाटलं बघा."

"मग यायचं होतं घरी. दरवर्षी येता."

"स्वल्प ऐका. आम्ही निघालो होतोच. शंतनु म्हणाला, सिस्टीममध्ये 'नाही' आलंय. सिस्टीमपुढे आम्ही काय बोलायचं, सांगा?"

प्रश्न बिनतोड होता. माणसाचा शब्द फिरवता येतो. नोंदवलेला प्रतिसाद फिरवणं म्हणजे लोकशाहीचा अपमान.

रविवारी चिरमुले स्वतः मंडळात गेले. जाताना रिक्षात त्यांनी वाक्य पाठ केलं: 'अरे, मीच करतो यंदा.' चारच शब्द. याहून लांब स्वगतं त्यांनी बँकेतल्या कारकुनांकडून बसवून घेतली होती.

शंतनु वाकून पाया पडला. "काका, तुमच्या निर्णयाचा आम्हाला आदर आहे. नाटक मी बसवतोय. पण तुम्हाला वाटत असेल तर अजूनही..."

आणि चिरमुल्यांच्या तोंडून निघालं, "छे छे, तुम्ही तरुणांनीच करायला हवं. माझे गुडघे."

हा द्वितीय नकार होता. सवयीने निघाला. आता चहा यायला हवा होता. तिथे विद्या नव्हती.

"थँक यू, काका," शंतनु म्हणाला. त्याच्या डोळ्यांत खरोखर पाणी होतं.

या प्रकरणातून चिरमुल्यांनी बोध घेतला. आधुनिक माणूस व्हायचं ठरवलं. आठवड्याने दुसरी ईमेल आली. 'काका, समितीत तुमची गरज आहे,' इथवर वाचून त्यांनी 'होय' दाबलं. उरलेला मजकूर नंतर वाचला. समिती पादत्राण-व्यवस्थेची होती. प्रोग्रॅमला पहिला होकार त्यांचाच मिळाल्यामुळे त्याने त्यांना अध्यक्ष केलं.

नाटकाच्या संध्याकाळी चिरमुले सभागृहाच्या दाराशी टेबलामागे बसले. तिसरी घंटा झाली. आत पहिल्याच प्रवेशात कोणीतरी वाक्य विसरलं, आणि इकडे चपला लावता लावता त्यांनी ते ओठांतल्या ओठांत पुरवलं. ते चपलांच्या पुढच्या रांगेपर्यंतही पोचलं नसणार.

उशिरा आलेल्या मंडळींत तुम्हीही होतात. तुम्ही त्यांना ओळखलंत, हळहळलात, चांगल्या मनाने म्हणालातही, "अहो, तुम्ही इथे काय करताय? चला ना आत."

ते म्हणाले, "नको नको, तुम्ही व्हा पुढे."

आणि तुम्ही झालात.