मंजुळेची संमती

वेळशेत बंदरात शिडाची पोलादी बोट तिच्या तोंडी संमतीशिवाय मोडता येत नाही. लाकडी बोटींना कोणी विचारत नाही. त्या आपल्या आपण कुजतात. पोलाद तसं जात नाही, म्हणून विचारावं लागतं.

दत्ताराम भाबलची 'मंजुळा' तीन वर्षं 'नाही' म्हणत होती. चव्वेचाळीस वर्षांपूर्वी दत्ताराम आणि त्याची बायको सरला यांनी ती किनाऱ्यावर, माडांखाली, स्वतःच्या हातांनी बांधली होती. पत्रे तो वाकवायचा, सांधे ती जोडायची. पुढे दोघांनी तिच्यातून खाडीपलीकडे कौलं नेली, वऱ्हाडं नेली, एकदा तर अख्खी पिठाची गिरणी नेली.

आता दत्ताराम चौऱ्याहत्तर वर्षांचा होता. सरला जाऊन सहा वर्षं झाली होती. नाशिकची मुलगी बोलावत होती, पण बोट तशीच टाकून त्याला जाववत नव्हतं. वेल्डर सिराज परकारनं दोनदा पत्रे बदलून पाहिले. तिसऱ्या वेळी त्यानं हातोडी मारली, ती आरपार गेली.

"दत्तूभाऊ, नवा पत्रा लावीन की," तो म्हणाला, "पण त्याला धरायला जुना उरलाय कुठे?"

चौथ्या वर्षी बंदर कार्यालयातल्या मयेकर मॅडम अर्ज घेऊन आल्या. सिराजही तिथे होता. चिखलात स्टूल मांडून बसल्या आणि त्यांनी नियमाप्रमाणे विचारलं, "मोडण्यास संमती आहे का?"

"नाही," मंजुळा म्हणाली.

"यंदापासून कारण लिहावं लागतं."

"एक उतारू परत आणायचा राहिलाय."

मॅडमनी जुनी वही उघडली. सहा वर्षांपूर्वीची शेवटची फेरी होती. उतारू एक, सरला भाबल, पलीकडच्या दवाखान्यात. परतीचा रकाना कोरा.

"काका, हे बरोबर आहे," त्या दत्तारामला म्हणाल्या. "नोंद अपुरी आहे."

दत्ताराम चिखलात उतरला. मग बोटीजवळ गेला आणि गंजलेल्या पत्र्यावर त्यानं हात ठेवला.

"ती आली गं परत. दुसऱ्या दिवशी, लांबच्या पुलावरून. गाडीत घालून आणली."

"चालत उतरली?"

"नाही."

 सिराजनं डोक्यावरची टोपी सारखी केली. मॅडमनी पेनाला टोपण लावलं.

"मला कुणी सांगितलं नाही," मंजुळा म्हणाली.

"मला धीर झाला नाही. वाटलं, तू म्हणशील, आणखी जोरात हाकलं असतंस तर..."

"वारा होता तेवढा सगळा मी घेतला होता, दत्तू. शिडात आणखी मावलाच नसता."

दत्तारामनं डोळे पुसले. सहा वर्षं तो ज्या प्रश्नानं कुढत होता, तो त्यानं कुणालाच विचारला नव्हता.

"लिहा," मंजुळा मॅडमना म्हणाली. "उतारू पोचला. संमती आहे."

मॅडमनी तसं लिहिलं आणि शिक्का मारला.

मोडायला नऊ दिवस लागले. सिराज गॅस पेटवायचा आणि मंजुळा कुठून कापायचं ते सांगायची. "तिथून नको, तो सांधा सरलाचा आहे, सुटायचा नाही. वीतभर खालून घे." सिराज वीतभर खालून घ्यायचा. दुपारी ती जुन्या गोष्टी सांगत बसली, की काम थांबायचं. गिरणीची गोष्ट तिनं दोनदा सांगितली. दोन्ही वेळा सगळ्यांनी ऐकून घेतली.

दहाव्या दिवशी पत्रे ट्रकात भरले. पोलाद वितळवायची भट्टी घाटावर होती. दत्ताराम ड्रायव्हरशेजारी बसला. तिथपर्यंत सोबत जायचं त्यानं ठरवलं होतं.

घाटाच्या तिसऱ्या वळणावर मागून आवाज आला. "दत्तू, पाणी दिसेनासं झालं."

"आता नाही दिसायचं."

"मग काहीतरी बोलत राहा."

ड्रायव्हरनं हात पुढे करून रेडिओ बंद केला.