गेनबातात्याच्या शेतातली पोरं

आमच्या भागात अंगभर विलायती कपडे घातलेली माणसं दोनच ठिकाणी दिसत. एक, कॅनॉलच्या साहेबांच्या बंगल्यावर. दुसरं, पिंपळीच्या अलीकडे गेनबातात्याच्या शेतात. बंगल्यावरची माणसं हिंडत, बोलत, नोकरांवर ओरडत. तात्याच्या शेतातली नुसती उभी असत, कारण ती बुजगावणी होती.

तात्या स्वतः गुडघ्यापर्यंत धोतर आणि ठिगळांची बंडी यावर वर्ष काढायचा. बुजगावण्यांना मात्र सर्जाच्या लोकरी कापडाचा कोट, गळ्यात टाय, एकाच्या डोक्यावर तर सोला हॅट. एकदा नवा तलाठी घोड्यावरून चालला होता. बांधाजवळ साहेब उभा दिसला म्हणून तो खाली उतरला, वाकून नमस्कार केला आणि हुकमाची वाट बघत उन्हात थांबला. बराच वेळ साहेब बोलेना, तेव्हा आपल्या हातून काही चूक झाली असावी असं समजून बिचारा घोड्याचा लगाम धरून चालतच पुढे गेला.

तात्या तरुणपणी त्याच बंगल्यावर माळी होता. साहेब बदलून गेले की जुने कोट त्याला देऊन जात. ते अंगात घालणं त्याला पटत नव्हतं. म्हणायचा, "साहेबाचा कोट घालून खुरपाया बसलो तर खुरपं लाजंल." मग कोट गेले पेरूच्या बागेत. त्याचीही त्याच्याकडे कारणं होती. "पाखरं शेतकऱ्याला भीत न्हाईत. त्यास्नी ठावं हाय, ह्यो बी आपल्यावानीच दाणं टिपणारा. साहेब बघितला की उडत्यात."

हे झालं हसण्यावारी नेण्यासारखं. पण माझ्या शाळेच्या दिवसांत, म्हणजे पस्तीस-छत्तीस सालाच्या आसपास, त्या शेताबद्दल लोक जरा आवाज खाली आणून बोलायला लागले होते.

त्याचं असं झालं. इंग्रजी शिकलेली पोरं हळूहळू पुण्या-मुंबईच्या मोठ्या शाळांत शिरायला बघत होती. कुणी ओव्हरसियरच्या वर्गाला, कुणी शेतकी शिकायला, कुणी मास्तरकीच्या ट्रेनिंगला. तिथे आत घ्यायच्या आधी समोर बोलावून प्रश्न विचारत. तात्या त्याला 'इंटरू' म्हणायचा. इंटरूला कोट लागे, आणि कोट साऱ्या पंचक्रोशीत तात्याच्या बुजगावण्यांकडे. पोरं त्याच्याकडे जात. तात्या कोट द्यायचा, कुणालाच नाही म्हणायचा नाही. फक्त अट एकच. कोट घ्यायचा तर अंगावरचे आपले कपडे तिथे सोडून जायचं. "त्यो काय उघडा उभा ऱ्हाणार व्हय?" असं बुजगावण्याकडे बोट दाखवून म्हणायचा.

पोरं पास होत आणि जात. पुणं, मुंबई, सोलापूर. जुनी बंडी न्यायला कोण परत येतो? त्यामुळे शेतातले साहेब एकेक करून कमी झाले आणि त्यांच्या जागी गावची पोरं उभी राहिली. निरवांगीच्या वाण्याचा दिनू त्याच्या चौकड्याच्या सदऱ्यात. सणसरचा महिपती त्याच्या तांबड्या मुंडाशात. तात्या त्यांना नावानं हाका मारायचा. पाणी धरताना, खुरपताना त्यांच्याशी बोलत असायचा. "दिनू, सरक लेका, पाणी येतंय." दिनू सरकायचा नाही; तात्याच पाट दुसरीकडे वळवायचा.

बायका त्या शेतावरून जाताना लेकरांचे हात धरत. "गेनबाच्या शेतात कपडं सोडून गेल्यालं पोरगं माघारी येत न्हाय," असं म्हणत. आणि खरंच कुणी आलं नव्हतं.

मी निमगाव केतकीचा. आमच्या आज्याची मेंढरं होती. बापानं ती मोडून विहिरीवर मळा केला. मी बारामतीला राहून मॅट्रिक झालो आणि पुण्याच्या डॉक्टरी शाळेकडून बोलावणं आलं. घरात आनंद झाला, आणि लगेच घालायचं काय हा प्रश्न उभा राहिला. मास्तर म्हणाले, पाटलोण हवीच. बाप म्हणाला, मुंडासं हवंच. कोट हवा यावर मात्र दोघांचं एकमत होतं. आई म्हणाली, "कुठनं बी आण. त्या गेनबाकडनं नगं."

मी गेनबाकडेच गेलो.

दिवस कलला होता. बागेत वारा नव्हता. पेरूच्या झाडांमधून ती सगळी पोरं हात पसरून उभी होती. ओळखीचे कपडे, आणि तोंडाच्या जागी गाडगी. मधोमध एकच साहेब उरला होता. काळा कोट, वर हॅट.

तात्या पाटाच्या कडेला बसला होता. मी काही बोलायच्या आत म्हणाला, "इंटरू हाय न्हवं? कशाचा?"

"डाक्टरीचा."

"मग ह्योच घे. पर इचारून घे त्याला."

"कुणाला?"

"ज्याचा कोट हाय त्याला! आन पाटलोण बिटलोण न्हाय घालायची. धोतराचा माणूस पाटलोणीत बसला की गुडघं कुठं ठिवावं ते त्याला ठरवता येत न्हाय. मी कुंड्यास्नी पाणी घालताना व्हरांड्यात बघितल्यात असली. आन टोपी काळी. पांढरी घातलीस तर साहेब भडकंल, सोला घातलीस तर शेजारी बसल्याला आपला डाक्टर भडकंल. काळ्या टोपीवर कुणाचंच ध्यान जात न्हाय. वहाण करकरत आसंल तर तिला त्याल दे. आत जाताना आधी वहाण वरडली की माणूस चोरावानी चालतो."

हे सगळं इतकं शहाणपणाचं होतं, की मी पुढचंही निमूट ऐकलं. त्यानं मला त्या साहेबासमोर उभं केलं आणि स्वतः बुजगावण्याच्या मागे गेला. मागून जाड, घोगरा आवाज आला.

"नाव?"

मी नाव सांगितलं. हसू येत होतं.

"बापाचा धंदा?"

तोही सांगितला. हसू कमी झालं. तो आवाज तात्याचा वाटत नव्हता. हॅटखालचं गाडगं नीट माझ्याकडे बघत होतं आणि दोन्ही बाजूंची पोरं कान देऊन ऐकत असल्यासारखी उभी होती.

"डाक्टर कशापायी व्हायचं?"

मी उभाच राहिलो. साहेबही उभा. शेवटी माझ्या पाठीमागून तात्याचा नेहमीचा आवाज आला, "काय रं, गप का?"

मी दचकून वळलो. तात्या विहिरीच्या थारोळ्यावर घागर भरत होता. तिथून इथपर्यंत बरंच अंतर होतं.

"तात्या, आत्ता इचारलं ते तुमीच ना?"

"मी कवाच हिकडं आलो. काय इचारलं त्यानं?"

तो थट्टा करत होता की खरं बोलत होता, हे मला आजही माहीत नाही. मी घाईघाईनं बंडी आणि मुंडासं उतरवलं, आणलेला सदरा घातला, वर कोट चढवला. कोट आतून उबदार होता. दिवसभर उन्हात होता, म्हणून असेल. रस्त्यावर आल्यावर वळून पाहिलं, तर माझी बंडी घालून, माझं मुंडासं बांधून कुणीतरी उभं होतं. मुंडासं एका बाजूला कललेलं. मी तसंच बांधायचो.

बारामतीहून छोट्या आगगाडीनं दौंड, तिथून पुणं. लांबलचक खोली, टेबलामागे एक गोरा डॉक्टर आणि दोन आपले. गोऱ्यानं विचारलेल्या पहिल्या दोन-तीन प्रश्नांतच ते आलं: डॉक्टर का व्हायचंय? यावेळी मी गप्प राहिलो नाही. म्हणालो, "कुणाच्या मेंढराचा पाय मोडला तर माझा बाप बांधतो. माणसाचा मोडला तर बांधायला आमच्या गावात कोणी नाही." आपल्या दोघा डॉक्टरांनी एकमेकांकडे बघितलं. संध्याकाळी बाहेर शिपायानं नावं वाचली. त्यात माझं होतं.

पेढे घेऊन घरी आलो, तर आई उंबऱ्यात उभी. पेढ्यांकडे तिनं बघितलंच नाही. आधी माझं मनगट धरलं, मग दंड, मग तोंडावरून हात फिरवला.

झालं होतं असं, की मी पुण्यात असताना ती बैलगाडीनं बारामतीच्या बाजाराला निघाली होती. पिंपळीजवळ तिला शेतात मी उभा दिसलो. तिनं हाक मारली, "बिरू!" मी बोललो नाही. पुन्हा हाक मारली. मी एक हात थोडा वर केला आणि तसाच राहिलो. तिनं बाजार न करता गाडी वळवली. तेव्हापासून तिच्या पोटात धड अन्न नव्हतं.

"आये, वाऱ्यानं बाही हालली आसंल," मी म्हणालो.

"वारं न्हवतं," ती म्हणाली. "पास झालास ते ऱ्हाऊ दे. आदी जा आन तुजी कापडं माघारी घिऊन ये. तू तितं उभा असूस्तवर मी भाकरी खायाची न्हाय."

मी लगेच उलटा निघालो. कोट घडी करून काखेत घेतला.

तात्याच्या बांधावर पोचलो तेव्हा ऊन पिवळं झालं होतं. पेरूवर पोपट बसले होते, खुशाल खात होते. बागेतून बोलणं ऐकू येत होतं. मी झाडाआड थांबलो. माझ्या बंडीसमोर तात्या उकिडवा बसला होता.

"मंग? बसाया खुर्ची दिली का?" तो विचारत होता. थोडा थांबला. "उभाच ठिवला? आन पुढं? पुढं काय इचारलं?" पुन्हा थांबला. मग उठून शेजारच्या दिनूकडे गेला. "ह्यो बी सांगत न्हाय बघ. तूच सांग. तुला किती वरसं झाली, एकदा तरी सांग."

माझ्या अंगावर काटा आला. पण पळालो नाही. त्या आवाजात भिण्यासारखं काही नव्हतं. तात्याची बायको लवकर गेली होती, मूलबाळ नव्हतं, एवढं मला ऐकून माहीत होतं. मी पुढे झालो.

"तात्या."

त्यानं माझ्याकडे पाहिलं. मग बुजगावण्याकडे पाहिलं. परत माझ्याकडे.

"तू खरा व्हय?" त्यानं विचारलं. अगदी साधेपणानं, जसं कुणी विचारावं की तू चालत आलास का.

"खरा हाय तात्या. पास झालो. तुमाला सांगाया आलो."

हे शेवटचं वाक्य मी का बोललो कोण जाणे, आलो होतो तो कपडे न्यायला. पण ते ऐकून तात्या एकदम खाली बसला आणि हातानं मला बसायची खूण केली. "आजवर कुणी सांगाया आलंच न्हाय रं," म्हणाला. "सांग. पयल्यापासनं सांग."

मी सांगितलं. खोली केवढी, टेबल केवढं, शिपाई कसा बोलला, खुर्ची दिली ते, प्रश्न, मी दिलेली उत्तरं. तो मध्येमध्ये मान हलवत होता. मग त्याच्या मनात होतं ते त्यानं विचारलं.

"कोट बघून साहेब काय म्हनला?"

काहीतरी चांगलं रचून सांगावं असं वाटलं. पण तो इतका नीट बघत होता माझ्याकडे, की जमलं नाही.

"तात्या, गोऱ्या साहेबानं मान वरच केली न्हाय. खाली बघून लिहीत व्हता. त्यो इचारत गेला, मी सांगत गेलो. कोट त्यानं बघितलाच न्हाय."

"बघितलाच न्हाय?"

"न्हाय."

"म्हंजी, तुलाच घेतला त्यांनी?"

"व्हय. मलाच."

तात्यानं वर पेरूकडे बघितलं. पोपट खात होते. मग हळू म्हणाला, "मला आपलं वाटायचं, कोट पास व्हत्यात. कोटच जात्यात पुण्याला, मोठ्ठं व्हत्यात. पोरं कुठं जातील? ती हितंच ऱ्हात्यात माज्यापाशी. म्हनून मी त्यास्नी एकटं सोडीत न्हवतो. बोलत ऱ्हायचो." त्यानं बागेवरून एकदा नजर फिरवली, दिनूवरून, महिपतीवरून, सगळ्यांवरून. "मंग समदी गेलीच म्हनायची की. ह्यो निसता कडबा."

मला कपडे मागावे लागलेच नाहीत. त्यानंच उठून माझी बंडी उतरवली, मुंडासं सोडलं, झटकून घडी केली आणि हातात दिली. कोट मात्र घेतला नाही. "ऱ्हाऊ दे तुज्याकडं. पुण्यात थंडी आस्ती म्हनं."

मी निघालो तसं तो म्हणाला, "जेवून जा."

आई वाट बघत होती, तरी मी थांबलो. त्यानं चूल पेटवली, भाकरी थापली, वांगं भाजलं. घरात ताट एकच होतं. ते त्यानं धुऊन माझ्यापुढे ठेवलं आणि स्वतः भाकरी हातावर घेऊन उंबऱ्यात बसला, माझ्याकडे तोंड आणि शेताकडे पाठ करून.