एकाचे तीनशे

कंप्युटरला डोकं नसतं असं म्हणणाऱ्यांना मी आजही ठणकावून सांगतो, डोकं नसतं म्हणूनच तो सांगितलेलं ऐकतो! फक्त सांगणारा माझ्यासारखा हवा.

आमचा शर्टांचा कारखाना. कुठल्या मापाचे शर्ट किती कापायचे आणि त्यांना कापड किती मागवायचं, हे मी ठरवतो. कटिंग मास्टर म्हणजे माझे सासरे. कापडाकडे नुसतं बघून मीटर सांगतात. मला मात्र असला अंदाजपंचे कारभार खपत नाही! पाच-दहा शर्टांसाठी टेबलभर कापड अंथरा, आखा, कापा, आवरा; दिवस पाण्यात! मी मालकीणबाईंना म्हटलं, "यापुढे कुठल्याही मापाचा लॉट तीनशेचाच. त्याखाली कात्री उचलायची नाही!" आणि कंप्युटरमध्ये तसा नियमच घालून टाकला.

लगेच बस ड्रायव्हरांच्या तीनशे शर्टांची ऑर्डर आली. दोनशे नव्व्याण्णव चाळीस नंबरचे. एक ड्रायव्हर मात्र डोंगराएवढा, त्याचा चोपन्न नंबर. कंप्युटरनं दोनशे नव्व्याण्णवचे तीनशे केले. शाब्बास! आणि एकाचेही तीनशे केले. मी न वाचताच सही ठोकली.

सासरे कागद घेऊन आले.

"जावईबापू, चोपन्नचे तीनशे?"

"हो."

"एवढे अगडबंब ड्रायव्हर सापडले कुठे?"

"मामा, तुम्ही कापा! विचार करायला कंप्युटर आहे."

ते कापायला गेले. मोठं माप आधी कापायचं, ही त्यांची पद्धत.

बुधवारी दुपारी शिलाई विभागात हशा पिकला. एक बाई शर्टाची पाठ दोन्ही हातांनी उंच धरून उभी होती. "अहो साहेब, हा शर्ट आहे की तंबू? ह्यात माझा नवरा, दोन्ही पोरं आणि वर मशीनसुद्धा मावेल!"

मी गोदामाकडे धावलो. रिकामं! त्या रंगाचं होतं नव्हतं ते सगळं कापड चोपन्नमध्येच संपलं होतं. गिरणीला फोन केला, तर "तो रंग आता महिन्यानं." माल शुक्रवारी द्यायचा होता. ऑर्डर गेली तर चाळीस बायका हातावर हात धरून बसणार.

मालकीणबाई आल्या. "हे कुणी केलं?"

"मीच आकडा चुकीचा वाचला, बाई," सासरे शांतपणे म्हणाले.

माझं टाळकंच सरकलं. "मुळीच नाही! नियम माझा, आकडा माझा, सही माझी! मामांनी विचारलं होतं, मीच त्यांना गप्प केलं!"

"अहो, वाचवतोय ना तुम्हाला!" सासरे दात आवळून पुटपुटले.

"वाचवू नका!" मी ओरडलो.

"बरं," मालकीणबाई म्हणाल्या, "मग आता काय करायचं, तेही तुम्हीच सांगा."

मी सासऱ्यांकडे पाहिलं.

सासऱ्यांनी चाळीस नंबरचा पुठ्ठ्याचा साचा त्या तंबूवर ठेवला. चारही बाजूंनी कापड उरलं. "मोठ्यातून लहान निघतं, बाई. उलटं झालं असतं तर मीही रडलो असतो."

एक चोपन्न बाजूला ठेवून बाकीचे सगळे आम्ही पुन्हा कापले. मी तुकडे धरले, खुणा केल्या, बोलणी खाल्ली. बायकांनी मशीनवरून मान वर केली नाही. शुक्रवारी दुपारी तीनशे शर्ट गेले. डोंगराचासुद्धा!

मालकीणबाईंनी मला सहा महिने कटिंग टेबलावर धाडलं, सासऱ्यांच्या हाताखाली. असू दे! नियमात काडीची खोट नव्हती, हे मी तिथेही छातीठोकपणे सांगतो.

सासरे जेवायला गेले की.